फीत अडली ते पान

शुभवर्तमानातली लाल फीत एकाच पानावर इतके आठवडे पडून होती की तिथल्या कागदावर तिचा वळ उमटला होता. तो वळ घरातल्या तिघांनाही ठाऊक होता आणि त्याविषयी कोणीच बोलत नव्हते. शिकल्यासवरल्या घरांत अशी शांतता पाळता येते. तिला सौजन्य म्हणण्याची पद्धत आहे.

फीत तिथे अडकवणारा नियम मात्र घरच्या सुनेचा, संपादिकेचाच होता. जुन्या हस्तलिखितांचे संपादन करता करता तिचे केस पिकले होते. एकाच काव्याच्या पाचसात प्रती समोर मांडायच्या, त्यांतले फरक टिपायचे, आणि एका ओळीचा पाठ पक्का झाल्याशिवाय पुढच्या ओळीला हात लावायचा नाही, या शिस्तीवर तिने नाव कमावले होते. त्याच शिस्तीपायी चर्चच्या मंडळीतले लोक तिला पाठीमागे ‘शुद्धिपत्र’ म्हणत. हे तिला माहीत होते, आणि खरे सांगायचे तर फारसे खटकतही नव्हते.

त्या घरात रोज सकाळी न्याहारीपूर्वी शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचायचा, ही तिच्या लग्नाआधीपासूनची चाल. सासूबाई वाचीत. त्यांची सारी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेलेली: लाइन जोडून द्यायची, बोलणे ऐकायचे नाही. वाचनातही त्यांचा हात तसाच बसलेला होता. चहाच्या आधणाकडे एक डोळा ठेवून त्या अध्याय जोडून देत आणि ‘आमेन’ म्हणून मोकळ्या होत. पुढे त्यांची दृष्टी मंदावली आणि पुस्तक सुनेच्या हाती आले. पहिल्याच दिवशी सुनेने फर्मावले की रोजचा अध्याय म्हणजे वाचन नव्हे, नुसती पायपीट आहे. यापुढे छोटा भाग घ्यायचा. तो जे सांगतो ते करायचे. केले की मगच फीत हलवायची. जो भाग पाळला नाही, तो वाचलाच नाही.

नवऱ्याचे चष्म्याचे दुकान होते. न्याहारीपूर्वीच्या कोणत्याही वादात माणसाचा निभाव लागत नाही असे त्याचे मत असल्यामुळे त्याने मान डोलावली. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्या हयातीत शेवट काही येत नाही तर.”

पण नियम लागू पडला, हे कबूल केले पाहिजे. समेट करणारे धन्य, हा भाग आला तेव्हा सासूबाईंनी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून अबोला धरलेल्या शेजारणीला स्वतःहून हाक मारली. शेजारीण इतकी दचकली की तिच्या हातातली बादली सांडली. दिवा भांड्याखाली ठेवू नये, या भागावर चष्मेवाल्याने गरिबांचे डोळे फुकट तपासायला सुरुवात केली, दारावर तशी पाटी लावली आणि ती पाटी कोणासाठी आहे हे लक्षात आल्यावर गुपचूप काढून टाकली. तिघांच्या प्रार्थना आखूड झाल्या. पूर्वी त्या साऱ्या जगाला पुरत. आता त्यांत ओळखीची माणसे येऊ लागली.

मग डॉक्टरांनी सासूबाईंच्या छातीवर नळी टेकवून पाहिले आणि हृदय थकले आहे असे मुलाला बाजूला घेऊन सांगितले. सासूबाईंनी ते बाजूचे बोलणे ऐकले. या एका बाबतीत त्यांनी नोकरीची शिस्त मोडली. सूनबाईंकडे त्यांनी एकच मागणे मागितले. शुभवर्तमानाच्या शेवटची, येशू उठल्यावरच्या रिकाम्या कबरीची ती सकाळ एकदा तुझ्या तोंडून ऐकायची आहे. मधूनच उघडून आजच वाचते, असे सून म्हणाली, तर त्यांनी मान हलवली. “तसं तर मला पाठ आहे. तुझ्या नियमाने चालत तिथवर जायचंय. जन्मभर वाचलं, पण काय वाचतेय ते आत्ता कुठे कळायला लागलंय.”

आणि पुढच्याच आठवड्यात फीत अडली.

डोंगरावर बसून केलेल्या उपदेशातला तो भाग लहानसाच आहे. अर्पण घेऊन तू वेदीशी आलास आणि तिथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सलते आहे, तर अर्पण तिथेच टाकून आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. संपादिकेने तो स्वच्छ उच्चारात वाचला, पुस्तक मिटले आणि कपबशा गोळा करायला लागली.

तिला एकच भाऊ होता. धाकटा. त्याचे तसबिरींना चौकटी करण्याचे दुकान होते. वडील उपदेशक होते; ते गेल्यावर धाकट्याने त्यांच्या आठवणींची एक पुस्तिका लिहून स्वखर्चाने छापली. संपादिकेने मंडळीच्या मासिकात तिचे परीक्षण लिहिले. तारखा चुकलेल्या होत्या, दोन गावांचे एक गाव झाले होते, आणि दुसऱ्याच एका उपदेशकाचे गाजलेले वाक्य वडिलांच्या तोंडी घातले होते. परीक्षणात एकही विधान खोटे नव्हते. एकही विधान मऊ नव्हते. मंडळीने त्याला निर्भीड म्हणून डोक्यावर घेतले. दुसऱ्याला सांगितलेले सत्य भाविकांना नेहमीच रुचते. उपासनेनंतर पायरीवर लोक त्यातली वाक्ये एकमेकांना म्हणून दाखवीत होते, आणि धाकटा त्याच पायऱ्या उतरून घरी जात होता. त्यानंतर तो बहिणीच्या घरी आला नव्हता.

संपादिकेची भूमिका निःसंदिग्ध होती. धाकट्याच्या मनात काही असेल, तर ते सत्याविरुद्ध आहे, तिच्याविरुद्ध नाही. त्या वचनाला अभिप्रेत आहे ती रास्त तक्रार. नाहीतर जगातल्या प्रत्येक रुसलेल्या माणसाच्या दारी जाता जाता वेदीपाशी कोणी पोचणारच नाही. तिने भाष्यकार धुंडाळले. भाष्यकारांचे हे एक बरे असते की नेटाने शोधले तर आपल्या बाजूने बोलणारा एखादा सापडतोच. आणि रोज सकाळी ती प्रार्थना करी: प्रभो, धाकट्याला सत्य सोसण्याचे बळ दे. हिला प्रार्थना म्हणणे कठीण आहे. ती त्याच परीक्षणाची दुसरी आवृत्ती होती.

मग एका सकाळी तिने तोच भाग पुन्हा वाचला आणि कोरड्या आवाजात जाहीर केले की या भागाचा पुरेसा विचार झाला आहे. आपल्या बाजूने करण्यासारखे काही उरलेले नाही. तिने फितीचे टोक चिमटीत धरले.

सासूबाईंना अक्षरे दिसत नव्हती, हात दिसत होता.

“फीत हलवतेस?”

“हो, आई. तुम्हाला पुढे जायचं आहे ना.”

“मला जायचंय. पण तो आला होता, सूनबाई.”

फितीचे टोक संपादिकेच्या चिमटीत तसेच राहिले.

सासूबाई सावकाश सांगू लागल्या. पुस्तिका छापण्याआधी धाकटा रविवारमागून रविवार मांडीवर कागदांचे भेंडोळे घेऊन या खोलीत बसत असे. ताईला वाचून दाखवायचे आहे, तारखा तिलाच ठाऊक, असे म्हणे. आतल्या खोलीत ताईपुढे तपासायची मुद्रिते पसरलेली असत. एकदा तिने आतूनच सांगितले होते, दार लोटून घ्या, आवाज येतो. दार त्यानेच लोटले होते, कडीचा आवाज होऊ नये म्हणून हाताने धरून.

“मग त्याने मला वाचून दाखवलं, स्वयंपाकघरात. मला चुका कुठल्या कळणार? मी बसले रडत. तो म्हणाला, बरं आहे म्हणजे. आणि छापायला टाकलं.”

चष्मेवाल्याने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. घरात बोलायला काही उरले नाही की तो हेच करी. संपादिका फीत चिमटीत धरून उभी होती. तिला काही नव्याने कळले नव्हते, आणि तेच असह्य होते. ते दार तिला आठवत होते. दाराच्या फटीतून दिसणारे त्याचे बूट आठवत होते, लाकडाच्या भुशाने पांढुरके झालेले. सत्य तिच्यापाशी होते आणि ते घ्यायला माणूस दाराशी येऊन बसला होता. तिने ते त्याला दिले नाही, मंडळीला दिले.

नवरा प्रार्थनेत सर्व आजाऱ्यांपर्यंत आला होता. तिने फीत त्याच पानावर सोडली, पायात चपला सरकवल्या आणि प्रार्थना अर्धी टाकून ती निघाली. मागून त्याचा आवाज किंचित अडखळला. मग सासूबाईंचा आवाज आला, “चालू दे रे. ती तेच करतेय.”

धाकट्याचे दुकान नुकते उघडले होते. भिंतीवर चौकटींचे कोपरे नमुन्यादाखल ओळीने लावलेले, काचेचे तक्ते जाड कापडावर उभे, सरसाचा उग्र वास. तो हिरकणीच्या टोकाने काच कापत होता. हिरकणीची रेघ ओढली जात असताना बोलायचे नसते, एवढे ती जाणून होती. तिने नजर वर केली आणि दुकानातल्या सर्वांत भारी, सोनेरी कडेच्या चौकटीत तिला आपले परीक्षण दिसले. भोवती चारही बाजूंना नेमका हस्तिदंती कागद सोडलेला.

“गिऱ्हाइकं विचारतात, हे कोणी लिहिलंय,” धाकटा मान वर न करता म्हणाला. “मी सांगतो, माझी बहीण. फार शिकलेली आहे.”

काच टक्कन दुभंगली. सरळ, कुठेही न तडकता.

संपादिकेने वाटेत दोन वाक्ये जुळवली होती. चुकीचे आधी बाहेर पडले. “त्यात खोटं काही नाही.”

“नाहीच. मी एकेक मुद्दा तपासला.”

“तू वाचून दाखवायला आला होतास. मी दार लावायला सांगितलं.”

धाकट्याने हिरकणी ठेवून दिली.

“क्षमा मागायला आले आहे,” ती म्हणाली. “मला ते वाक्य नीट येत नाही.”

“येईल. सवय नाही तुला.” त्याचा चेहरा सैल झाला नव्हता. त्याने एक नुकतीच सांधलेली चौकट तिच्यापुढे सरकवली. “बस त्या स्टुलावर. हा कोपरा धर, दोन्ही हातांनी. सरस सुकेपर्यंत हलायचं नाही.”

मग फळीवरून पुस्तिका काढून तो गल्ल्यापाशी बसला आणि पहिल्या पानापासून वाचू लागला.

गिऱ्हाईक आले की थांबे, माप घेई, आणि जिथे सोडले तिथून पुन्हा सुरू करी. तो चांगला वाचत नव्हता. पहिली चुकीची तारीख आली तेव्हा तिचे ओठ हलले. त्याने चष्म्यावरून पाहिले. “सुकलं नाही अजून.” दोन गावांचे एक गाव आले, गेले. परक्याचे वाक्य वडिलांच्या तोंडून निघाले, आणि ते त्यांना किती शोभून दिसत होते हे तिच्या ध्यानात आले. ते तसेच काहीतरी म्हणाले असते.

मग धाकटा लहानपणच्या सकाळींच्या पानावर आला. शाळेला निघताना वडील मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधून देत. एक बूट बांधून झाला की शुभवर्तमानातली एक ओळ म्हणून घेत, आणि आज ती कोणावर लागू करणार ते विचारीत. उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या बुटाला हात लावत नसत. ताईला हमखास उशीर होई, असे धाकट्याने लिहिले होते; ती फार विचार करी.

परीक्षण लिहिताना हे पान तिच्या नजरेखालून गेले होते. त्यात चूक नव्हती, म्हणून नजर पुढे गेली होती.

सरस कधीच सुकला होता. तिने कोपरा सोडला नाही, आणि धाकट्यानेही सोड म्हटले नाही. शेवटचे पान वाचून त्याने पुस्तिका मिटली. परीक्षण भिंतीवर तसेच राहिले. ते काढून टाक असे तिने सुचवले नाही आणि त्याच्याही ते मनात आलेले दिसले नाही. “रविवारी येतो,” तो म्हणाला. “ते एक गाव दोन करून दे. पण लाल पेन्सिल नको. साधी आण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फीत हलली. पुढचा भाग वाईट नजरेविषयी होता: उजवा डोळा पाप करवीत असेल तर उपटून टाक. चष्मेवाला खुर्चीत चुळबुळला.

“हा माझ्याकडून आजच पाळला गेला असं समज,” सासूबाई म्हणाल्या. “माझे दोन्ही गेलेत. याचं काय ते तू बघ.”

“घाई आहे का, आई?”

सासूबाईंनी कप जवळ ओढला. “नाही गं,” त्या म्हणाल्या. “आता वाटेतही बरं वाटतंय.”

प्रार्थनेची पाळी संपादिकेची होती. तिने डोळे मिटले. तिच्याकडे एकच वाक्य होते आणि ते जुळवलेले नव्हते. प्रभो, दार उघडे ठेवायला शिकव, असे ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. पुढचे काही येते आहे का, म्हणून बाकीचे दोघे वाट पाहत राहिले. चहा निवत गेला.