बातमीची शेपटी

मथळेकाकांनी माईक जवळ ओढला आणि तिसरी चिठ्ठी उघडली. सभागृह आधीच हसून बेजार झाले होते. वृत्तपत्राला साठ वर्षे झाली म्हणून जुने मथळे आणि त्यांनी घातलेले घोळ ऐकवायचे काम काकांकडे आले होते. तीस वर्षे मथळे देण्यात हयात गेलेला दुसरा माणूस होता कोण?

'उद्या पाणी येणार नाही' हा मथळा महिनाभर आधीच छापला गेला, तेव्हा गावाने बादल्याच काय, फुलदाण्यासुद्धा भरून ठेवल्या आणि दुपारपर्यंत टाकी कोरडी ठणठणीत. बातमी स्वतःच खरी करून दाखवणारे आपण एकमेव, असे काका म्हणाले. 'पोपट सापडला, मालक हवा' या मथळ्यावर एकोणीस मालक रांगेत उभे राहिले; ज्याला पाहून पोपटाने शिवी हासडली, त्याला तो देऊन टाकला. संपादकबाई डोळे पुसत होत्या.

तिसरी चिठ्ठी बागेतल्या पुतळ्याची होती. पण मागून कोणीतरी ओरडले, "काका, घड्याळवाला!" आणि टाळ्या सुरू झाल्या. ती चिठ्ठी काकांनी मुद्दाम घरी ठेवली होती. मथळा मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता.

काका घुटमळले. मग टाळ्यांनी त्यांच्यावर मात केली.

"घड्याळवाला झोपला, गाव उशिरा उठले," त्यांनी म्हटले आणि हशा छताला भिडला. मुख्याध्यापक शाळेत पायजम्यावर कसे पोहोचले, न्यायाधीशांच्या आधी चोर कसा हजर झाला, हेही त्यांनी रंगवून सांगितले. लाज वाटत होती, पण जीभ थांबत नव्हती.

मनोऱ्यावरच्या घड्याळाला रोज पहाटे किल्ली देणारा तो माणूस झोपला नव्हता. पहाटेच बायकोला रुग्णालयात न्यावे लागले, म्हणून किल्ली आणि अर्ज त्याने नगरपालिकेत पोहोचवला होता. तिथल्या रात्रपाळीच्या कारकुनाने दोन्ही खणात ठेवून दिले. बातमीदाराने हे सगळे लिहिले होते, पण अगदी शेवटी. आणि बातमी कापायची ती शेपटीकडून, हा धंद्याचा नियम. काकांनी आधी ती शेपटी वाचली, मग मथळ्याकडे पाहिले. शेपटी ठेवली असती तर मथळा गेला असता. त्यांनी पेन्सिल फिरवली.

आठ दिवसांत घड्याळवाल्याची नोकरी गेली. त्याच्या मुलीला शाळेत पोरे विचारू लागली, बाबा उठले का? कापलेल्या तीन ओळी बातमीदाराकडून कळल्यावर तो कात्रण घेऊन कचेरीत आला तेव्हा काकांनी मान वर न करता सांगितले होते, जागा नव्हती.

कार्यक्रम संपला. चहाचे कप घेऊन लोक पांगले. काका पायऱ्या उतरले तर खाली एक म्हातारा उभा होता. सोबत पन्नाशीची बाई होती, तिने त्याचा दंड धरला होता.

"ओळखलंत?" म्हाताऱ्याने विचारले.

काकांनी ओळखले. त्यांनी मान हलवली. बाई त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"पेपरात वाचलं, जुने मथळे सांगणार म्हणून," म्हातारा म्हणाला. "हिला म्हटलं, चल. त्या दिवशी जागा नव्हती. आज तरी शेवटच्या तीन ओळी वाचतील."

आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना सोपे गेले असते. कागदच आणला नाही, इतक्या वर्षांपूर्वीचे कोणाला आठवणार, असे काहीतरी म्हणून निसटता आले असते. तसे म्हणायला त्यांनी तोंडही उघडले.

"पत्नीची प्रकृती अचानक बिघडल्याने," काका म्हणाले, आणि आवाज आपलाच आहे का, याची त्यांना खात्री वाटेना, "त्यांनी पहाटे साडेचार वाजता किल्ली व रजेचा अर्ज नगरपालिकेकडे दिला होता. अर्ज मिळूनही पर्यायी माणूस नेमण्यात आला नाही. गेल्या अकरा वर्षांत घड्याळ एकदाही बंद पडलेले नव्हते."

आजूबाजूचे दोघेतिघे कप हातात धरून थांबले होते. कोणी हसले नाही. बाईने पहिल्यांदाच काकांकडे पाहिले.

म्हातारा मुलीकडे वळला.

"शब्दन्‌शब्द पाठ आहे," तो तिला म्हणाला. "मला वाटायचं, विसरले असतील."