अभयहस्ताची सावली

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चिमटी' म्हणत. एकतर ती चणीनं बारीक, आणि दुसरं म्हणजे जुन्या मूर्तीवरची चिमटीभर जागा साफ झाली की ती हात थांबवून बघत बसायची. "तुझ्या वेगानं गेलं ना, तर बुद्ध कंटाळून दुसऱ्यांदा निर्वाणाला जाईल," असं प्रमुख मॅडम म्हणायच्या. म्हणायच्या आणि अवघड काम मात्र तिच्याच टेबलावर ठेवायच्या.

या खेपेला टेबलावरची मूर्ती तिच्या स्वतःच्या गावच्या विहारातली होती. लाकडाची, वर लाखेचे थर, त्यावर सोन्याचा वर्ख. पुरुषभर उंचीचा बसलेला बुद्ध, आणि उजवा हात छातीसमोर उचललेला, तळवा बघणाऱ्याकडे. लहानपणी ती त्या तळव्याकडे बघून झोपेला यायची. "काय म्हणतो गं तो हात?" बाबा विचारायचे. "भिऊ नकोस म्हणतो," ती जांभई देत सांगायची.

बाबा निवृत्त गणिताचे मास्तर आणि विहाराचे कारभारी. उदबत्त्यांच्या काजळीनं मूर्ती पार काळवंडली, तेव्हा मंडळाशी भांडून त्यांनी ती लेकीकडे पाठवली. साफ करायची, नवा वर्ख चढवायचा आणि परत न्यायची. परतीच्या दिवशी नव्या भंतेंचं प्रवचन ठरलं होतं. बाबांचं एक वाक्य तिला तोंडपाठ होतं, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा चषकही त्यावरच मिळालेला: "बाकीच्यांनी धर्मासाठी तलवारी उपसल्या, आपण कुणाच्या केसाला धक्का लावला नाही."

ती कापसाचा बोळा ओला करायची, अलगद फिरवायची, काळा झालेला बोळा टाकून द्यायची. काजळी भराभर सुटत होती. छातीशी आल्यावर मात्र बोळा पांढराच राहू लागला, आणि तरी खालचा रंग काही उजळेना. तिनं भिंग ओढलं. लाख तपकिरी पडली होती, तिच्यावर मोहरीएवढे फोड उठले होते. ही काजळी नव्हती. हे भाजणं होतं.

आणि मग, डाव्या छातीवर, बोळ्याखालून एकदम सोनं निघालं. आज लावल्यासारखं, लख्ख. ती त्या सोन्याच्या कडेकडेनं सरकत राहिली. कड वर गेली, वळली, खाली आली, पुन्हा वर गेली. चौथ्या वळणाला तिचा हात थांबला. ती बोटं होती.

"मॅडम, जरा येता का?"

मॅडम आल्या, चष्मा कपाळावर सरकवला, वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आच उजेडासारखी सरळ रेषेत जाते. मध्ये त्याचा हात आला. हाताच्या मागे जेवढं होतं तेवढं वाचलं."

बुद्धाच्या छातीवर त्याच्याच हाताची सावली उमटली होती, अंधाराची नव्हे, सोन्याची.

चिमटीनं एक दिवा स्टँडवर बसवला आणि खोलीतले बाकीचे दिवे मालवले. दिवा पुढे, मागे, खाली सरकवत राहिली. हाताची काळी सावली छातीवर भटकत होती. कधी खांद्यावर, कधी गळ्याशी. दिवा मूर्तीच्या उजव्या अंगाला, जवळजवळ जमिनीला टेकला, तेव्हा ती सावली सोन्याच्या पंजात हातमोज्यात हात जावा तशी बसली. कुण्या काळी एक आग पेटली होती, ती इथे पेटली होती, आणि हे सांगायला जगात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

"उद्या वर्खवाला येतोय," मॅडम म्हणाल्या. "तो भाजलेली लाख खरवडून नवी चढवणार. मग हे संपलं. मूर्ती विहाराची आहे, तेव्हा ठरवायचं तुझ्या बाबांनी. मी नाही, तूही नाही."

दुपारी बाबा आले. मूर्तीचा धुतलेला चेहरा पाहून त्यांनी हात जोडले, मग छाती पाहिली.

"एवढं काळं राहिलंय की गं! उदबत्तीचं चिवट असतं."

"उदबत्तीचं निघालं, बाबा. हे त्याच्या खालचं आहे. भाजलंय."

"मग वीज पडली असेल."

"वीज वरून पडते. तुम्ही हा दिवा बघा कुठे आहे ते."

मास्तरच ते. "कोन मोजलास?" म्हणत त्यांनी चष्मा पुसला, गुडघ्यांना शिव्या देत जमिनीवर बसले आणि दिवा स्वतः हलवून पाहिला. इंचभर डावीकडे: सावली सुटली. इंचभर वर: सुटली. परत जागेवर आणला: बसली. मग त्यांनी फीत मागितली, मूर्तीच्या बैठकीपासूनचं अंतर घेतलं आणि फीत हातात धरून तसेच बसून राहिले.

"काय झालं?"

"विहारात बरोबर तिथली फरशी काळी आहे," ते म्हणाले. "सभागृहात सगळीकडे पांढरी, तेवढीच चौकोनभर काळी. आम्ही पोरं तिच्यावर उड्या मारायचो. मोठ्या भंतेंची बसायची जागा, असं सांगायचे."

फरशी बदलायला लागावी एवढी आग. दोघांच्याही मनात तेच आलं.

"बाहेरचं कुणीतरी असेल," शेवटी बाबा म्हणाले. "गुंडबिंड."

"सभागृहाची किल्ली कुणाकडे असायची?"

बाबा हातातली फीत गुंडाळू लागले. किल्ली भंतेंकडेच असते, ही दोघांनाही माहीत असलेली गोष्ट होती.

"बाबा, विहाराच्या दारातल्या दगडावर काय कोरलंय?"

तो दगड ते दर सणासुदीला स्वतः पुसत. नदीकाठच्या आळीतली दुसऱ्या धर्माची माणसं गाव सोडून गेली, तेव्हा आपल्या प्रार्थनाघराचं सगळं लाकूड त्यांनी विहाराला दान दिलं, असं त्यावर होतं. गावाला या दानाचा केवढा अभिमान!

"दान दिलं," बाबा पुटपुटले.

"मग ते लाकूड कुठाय? तुम्ही कारभारी आहात. एखादा खांब? एखादं दार?"

बाबांनी मान हलवली. विहारात तसलं लाकूड कुठेच नव्हतं. आजवर त्यांना हा प्रश्न पडला नव्हता, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं असावं. पोरांच्या वहीत उत्तर बरोबर आणि रीत गायब असली, की ते लाल शाईनं 'कसं?' लिहायचे.

"जळालं ते लाकूडच होतं ना गं?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"माझा दिवा आग कुठे होती एवढंच सांगतो, बाबा. आत काय होतं ते त्याला माहीत नाही."

बाबांनी डोळे मिटले. "नदीकाठी पुन्हा काही घरं आलीत त्यांची. नवे भंते गेल्या प्रवचनात म्हणाले, यांच्या पूर्वजांनी जाताना दान दिलं होतं, हेही देतील. लोक हसले. मी पण हसलो. मला वाटलं, किती गोड बोलतात."

खोलीत फक्त दिव्याची बारीक घरघर होती. वर तो चेहरा, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जसा तिच्या लहानपणी होता तसाच शांत. त्या आगीसमोरही तो असाच बसला असणार. लाकडाला उठता येत नाही. पण चिमटीची नजर हातावरून हलेना. ज्या हातानं 'भिऊ नकोस' म्हणायचं, त्यानं त्या दिवशी कुणालाही वाचवलं नव्हतं. वाचवली होती ती पंजाएवढी एक खूण, इतकी वर्षं, त्याच लोकांच्या उदबत्त्यांच्या काजळीखाली.

बाबा उठले. त्यांनी खिशातून फोन काढला, मंडळातल्या कुणालातरी लावला.

"वर्ख लागणार नाही... नाही, पैशाचा प्रश्न नाही. मूर्ती आहे तशी येईल... भंतेंचं प्रवचन? होऊ दे की. पण आधी मी बोलणार... हो, मीच. चिडू देत. मंडळातून काढायचं तर त्यानंतर काढा."

त्यांनी फोन खिशात ठेवला. चिमटीनं त्यांचा हात धरला.

"बाबा, ऐकतील लोक?"

"मी बोलणार कुठे, फक्त गणित मांडणार." त्यांनी स्टँडकडे बोट केलं. "हा दिवा मला देशील? दारं लावून घेईन, आणि काळ्या फरशीवर ठेवीन."