टावेलाखालचा हात

माझ्या तळहाताला लहानपणापास्नं घाम. असा तसा न्हाई, थेंब गळायचं. पाटीवर अक्षर काढलं की हातानं पुसून जायचं. मास्तर म्हनले, "भाऊसो, तू जा बाबा जनावरं राखायला." गेलो. जनावरं राखता राखता जतच्या बैलबाजारात दलाल झालो.

आता आमच्या बाजारात भाव कुनी तोंडानं बोलत न्हाई. दोघांच्या हातावर टावेल टाकायचा आन् खाली एकमेकाची बोटं धरायची. अख्खा पंजा धरला म्हंजे पाच हजार, एक बोट म्हंजे एक. जमलं की टाळी द्यायची. टाळी पडली की सौदा झाला, देव आला तरी मोडत न्हाई.

त्या टावेलाखाली माझा हात म्हंजे बेडूक. केरबा येपारी तर हात काढून चारचौघांत बैलाच्या पाठीला पुसायचा. म्हनायचा, "खोटं बोलनाऱ्यालाच घाम फुटतो गड्या." लोक हसायची. हळूहळू माझ्याकडं जनावरं यायची कमी झाली.

अठ्ठ्यान्नव साली मिरजंला एका डॉक्टरीणबाईकडं गेलो. त्यांनी तळहाताला आयोडीन लावलं, वरनं पांढरी पूड भुरभुरली. जिथं घाम तिथं काळंनिळं. अख्खा हात शाईच्या दौतीत बुडवल्यागत झाला. म्हनल्या, "नवीन इंजेक्शन आलंय. एक विष आहे, पण अगदी थोडं. घामाला येणारा निरोप ते अडवतं. पाच-सहा महिने टिकेल."

"टोचा," म्हनलं.

"थोडे दिवस पकड ढिली पडेल हं."

"पडू द्या."

मनगटात भूल दिली आन् एकेका तळव्यात पन्नास ठिकानी टोचलं. घरी आल्यावर राहीबाई, माझी बायकू, कपाळावर हात मारून म्हनली, "आवं, इष टोचून घ्यायला पैसं दिलं व्हय तुमी?"

आठ दिसांत हात कोरडा. मी दिवसभर नुसता तळवा गालाला लावून बघायचो. बाजारात दलाल म्हनले, "भाऊसो नवरी झाला रं, सुया टोचून गोरा हुतोय!" म्या म्हनलं, "व्हय झालो. तुझ्या बापाचं काय गेलं?"

त्याच बाजारात बनाबाई खोंड घिऊन आली. शिराळ्याकडची, नवरा वारलेला. बाईमानसाचा हात टावेलाखाली कोन घेनार? म्हनून तिचं जनावर माझ्या हातानं इकायचं. म्हनली, "भाऊसो, आठाच्या खाली सोडू नगा. ल्योकावानी पोसलाय."

गिऱ्हाईक केरबाच. टावेल पडला. म्या त्येचा पंजा धरला, सोडला, मग तीन बोटं धरली. झालं आठ. केरबानं माझ्या हातावर थाडकन टाळी दिली आन् खोंडाचा कासरा उचलला. "सातानं घेतला!"

"आठ मागितलं म्या!"

"दोन बोटं धरलीस. तिसरं मला लागलंच न्हाई."

मला घाम फुटाया पायजे हुता, पर हात कोरडा ठाक. ध्यानात आलं. पकड बसलीच नव्हती.

आकारामतात्या, सगळ्या दलालांतला थोरला, काठी टेकीत आला. "टाळी पडली ना? मग सौदा झाला. भाऊसो, गप ऱ्हा. न्हाईतर उद्यापास्नं आमच्या लाइनीत उभा ऱ्हाऊ नगंस."

वीस वर्सं त्या झाडाखालच्या लाइनीत गेल्यात माझी. दुसरं काय येत न्हाई मला. आन् बनाबाई नुसती खोंडाच्या पाठीवर हात फिरवीत हुती.

म्या केरबाच्या हातातनं कासरा हिसकला. "तात्या, माझी बोटं इंजेक्शनानं ढिली हायती. चूक माझी हाय, त्या बाईची न्हाई. तिचा खोंड का जावा?"

"मग टावेलाखाली हात घालायचा तुला हक्क न्हाई!"

"न्हाई घालत!" टावेल भुईवर आपटला आन् कोकललो, "बनाबाईचा खोंड! आठ हजार! घ्यायचाय त्येनं तोंडानं बोलावं!"

अख्खा बाजार माझ्याकडं वळला. बैलंसुदीक रवंथ थांबवून बघायला लागली म्हना.

केरबा म्हनला, "बाजार बाटवलास, भाऊसो."

"बाटू दे. न्हाई लाइनीत ऱ्हात. त्या तिकडं उनात ऱ्हातो, पर बोलनार मोठ्यानं."

बनाबाई माझ्याकडं बघाया लागली. म्हनली, "बारा वर्सं जनावरं इकते. पर माझ्या जनावराचा भाव असा माझ्या कानानं कवा ऐकला न्हवता."

तेवढ्यात कडंला उभा असलेला सीमेपलीकडचा एक कानडी शेतकरी चाचरत बोलला, "साडेसात?"

म्या तोंड उघडायच्या आत बनाबाई म्होरं झाली. पदर खोचला, खोंडाचा जबडा धरून उघडला.

"आठ. दात मोजून घ्या, दादा."

त्यो वाकून दात मोजाया लागला. म्या कासरा तिच्या हातात दिला.