आधी खूण

मार्बलहेड बंदराच्या कॅप्टन एझिकिएल पिकमनच्या खिशात, इंग्रजांशी लढणाऱ्या अमेरिकी काँग्रेसचा शत्रूची जहाजं धरायचा परवाना असे आणि डोलकाठीवर इंग्रजांचा झेंडा. शिकार तोफेच्या टप्प्यात आली की मगच खरा झेंडा चढे. याच रीतीने आम्ही साखरेने भरलेलं एक इंग्रज जहाज धरलं. पिकमनचा जावई जाबेझ निवडक खलाशी बरोबर घेऊन ते घराकडे न्यायला निघाला.

निघताना खूण ठरली. पुन्हा गाठ पडली तर आधी आम्ही वरचं शीड दोनदा उतरवून चढवायचं, मग जाबेझने तसंच उत्तर द्यायचं. पिकमनने त्याला बजावलं होतं, "खूण नसेल तर माझ्या आवाजावरही विश्वास ठेवू नकोस."

पुढे आम्हीही घरी परतताना केप अॅनच्या भूशिराजवळ धुकं विरलं आणि तेच जहाज समोर दिसलं. त्यावर आपला झेंडा होता.

"खूण करू, कॅप्टन?" दुय्यम अधिकारी ओबेडने विचारलं.

"झेंडा बघून? अरे, आपण झेंड्यावरच पोट भरतो." पिकमनने दुर्बीण खाली घेतली नाही. "वाटेत इंग्रजांनी ते परत घेतलं असेल. आधी त्यांना करू दे."

"आधी आपण, असं ठरलंय."

"ते जाबेझच्या सगळ्या खलाशांना ठाऊक आहे. एखादा मार खाऊन बोलला असेल."

"लाल टोपी जाबेझचीच आहे."

"टोपी कुणाच्याही डोक्यावर बसते."

आमच्या डोलकाठीवर अजून इंग्रजांचाच झेंडा होता. तो उतरवायचं कुणाला सुचलं नाही. थोड्या वेळाने समोरचं जहाज वळलं आणि किनाऱ्याकडे पळू लागलं.

"बघ," पिकमन म्हणाला. "चोराला घाई सुटली." त्याने तोफ डागायला सांगितली. गोळा पाण्यात पडला. जहाज आणखी आत सरकलं आणि खडकावर चढलं.

त्यातून एक होडी निघाली. पुढे लाल टोपीवाला बसला होता. बंदुकीच्या टप्प्याबाहेर येऊन होडी थांबली. आता चेहरा ओळखू येत होता.

पिकमनने कर्णा तोंडाला लावला. "जाबेझ, ये पोरा. मीच आहे."

"पाठीला इंग्रजांची बंदूक असली तरी तुम्ही हेच म्हणाल," जाबेझ ओरडला. "आधी खूण करा."

पिकमन स्वतः दोराशी गेला. शीड दोनदा उतरलं, दोनदा चढलं.

होडी जागची हलली नाही.

"आता तो झेंडा."

पिकमनने तोही उतरवला. तेव्हा कुठे होडीतली वल्ही उत्तरादाखल दोनदा वर गेली. मागे साखरेचं जहाज आडवं होत होतं.