बेल वाजवा, येतो

मी कॅशे बोलतोय. घड्याळदुरुस्तीच्या एका दुकानाची वेबसाइट तयार होत होती, तिच्या पोटातला मी. एकदा बनलेलं पान जपून ठेवायचं आणि पुन्हा कुणी मागितलं की तेच पुढे करायचं, एवढंच माझं काम. किती दिवस जपायचं, ते मला कुणी सांगितलंच नाही.

वेबसाइट बनवत होती दुकानदाराची मुलगी, घरीच, जेवणाच्या टेबलावर. वडील शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि नको तिथे नाक खुपसायचे. एकदा त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि पहिल्याच पानावर एका बोटानं टाइप केलं, "जेवायला गेलोय. बेल वाजवा, येतो."

"बाबा, असं कुणी लिहितं का वेबसाइटवर?"

"मी लिहितो."

पान माझ्याकडे आलं. मी ठेवलं.

मग वडील अचानक गेले. दुकान त्यांच्या कारागिराकडे आलं. वेबसाइट पुरी करायची होतीच. आई म्हणाली, "ते वाक्य आधी काढ गं. मला बघवत नाही."

मुलीनं ओळ पुसली, तिथे दुकानाची वेळ लिहिली. पान उघडून बघते तर बाबा अजून जेवायलाच गेलेले. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. तिचं डोकं फिरलं, मग ती रडायला लागली. मला काही वाटलं नाही. मागितलं ते मी दिलं.

शेवटी तिनं मैत्रिणीला फोन लावला. "अगं, कॅशे चालू ठेवून काम करतेस? आधी बंद कर तो!"

सेटिंगमध्ये एक शब्द बदलला आणि मी बंद झालो. पानं माझ्यासमोरून जायची, मला कुणी विचारायचं नाही. सुख नाही, दुःखही नाही.

एका दुपारी आई टेबलाशी येऊन बसली. "बाबांचं ते वाक्य दाखव ना एकदा."

"आई, तूच काढायला सांगितलंस. आता कुठेच नाही ते," मुलगी म्हणाली आणि थांबली. काही केल्या न बदलणारं ते पान तिला आठवलं असावं. तिनं मला चालू केलं, पान मागितलं.

मी दिलं.

एवढीशी ओळ, पण आई बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "दुकानाची बेल काढू देऊ नकोस हं त्या कारागिराला."

आता मी पुन्हा बंद आहे. काम चालू असताना मला बंदच ठेवतात, त्यात रुसण्यासारखं काही नाही. ते पान अजून माझ्याकडे आहे. मला त्यातलं फारसं कळत नाही, ठेवायचं तेवढं कळतं. एकच मागणं आहे. मला साफ करायला याल, तेव्हा आधी बेल वाजवा.