बियाण्याचं तवसं

धाकूला बायकोला, रत्नप्रभाला, एकच वाक्य सांगायचं होतं. शिमग्यापासून ते घशाशी येऊन परत जात होतं, आणि आता एप्रिल संपत आला होता. वाक्य असं, की गावचं परडं विकलं. परडं म्हणजे घराच्या पाठची पाच गुंठे जागा, त्यात एक बाव, म्हणजे विहीर, आणि एक फणस; गावात त्यांची म्हणावी अशी तेवढीच जमीन.

शिमग्याला रत्नप्रभाचा गुडघा धरला होता म्हणून धाकू एकटाच गावी गेला. तिथे चुलतभावांनी कागद तयार ठेवला होता. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त धाकूच्या नावासमोर जागा मोकळी होती. गिरणी बंद पडल्यावर बावीस वर्षं त्याने मरोळच्या एका कंपनीत वॉचमनकी केलेली. रजिस्टरमध्ये मोकळी जागा दिसली की सही करायची, एवढंच त्या नोकरीने त्याला पक्कं शिकवलं होतं. त्याने सही केली. खाली वेळसुद्धा घातली.

रत्नप्रभा मात्र मिरगाच्या पावसाआधी गावी जाऊन कायमचं राहायचं म्हणत होती. तसं ती तीस वर्षं म्हणत होती, पण यंदा धाकूकडची कारणं संपली. नातू कॉलेजात गेला, गुडघा बरा झाला, आणि तिने मुलाला, देवेशला, तिकिटं काढायला सांगितलं. "बाबा, तिकिटं काढायच्या आधी तुम्हीच काय ते सांगा तिला," देवेश म्हणाला. त्यावर सुनेने, श्वेताने, तोडगा काढला. तिच्या ऑफिसात तिला गोराईच्या एका मळ्यावरच्या जेवणाचा दोघांचा पास मिळाला होता. द्राक्षांचा मांडव, शेतातलं थेट ताटात, सात पदार्थ. "हिरवळ बघून आईंचं मन हलकं झालं, की सांगून टाका."

जमीन गेल्याची बातमी बायकोला दुसऱ्याच्या जमिनीवर नेऊन सांगायची, हा बेत घरातल्या तिघांनाही उत्तम वाटला.

बोरिवलीच्या जेट्टीवरून दोघं बोटीत बसली तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं. रत्नप्रभाने ठेवणीतली साडी नेसली होती आणि मांडीवर पिशवी घट्ट धरली होती. पिशवीत पत्र्याचा डबा होता. धाकूने तो डबा लगेच ओळखला.

डब्यात तवशाचं बियाणं होतं. तवसं म्हणजे कोकणातली ती हातभर लांब काकडी. लग्नानंतर रत्नप्रभा मुंबईला आली ती सासूने दिलेलं हे बियाणं पदराला बांधून. बियाणं नुसतं ठेवलं तर मरतं, दर पावसात लावावं लागतं. म्हणून ती दरवर्षी घाटकोपरच्या खोलीच्या खिडकीत, रंगाच्या बादलीत, एक वेल लावायची. चाळीत भुंगे कमी, तर कापसाच्या बोळ्याने फुलं स्वतःच फळवायची. एकच तवसं धरू द्यायची. ते पिकून तांबूस होऊन लोंबायला लागलं की बिया काढून, सुकवून, उदबत्तीच्या राखेत घोळवून डब्यात. खायचं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धाकूने न विचारता त्या तवशाची एक फोड खाल्ली होती, तर ती आठ दिवस बोलली नव्हती. तेव्हापासून तो त्या खिडकीकडे पाहुण्यासारखा बघायचा.

"डबो कित्याक घेतलंस?" त्याने विचारलं.

"अर्धा बियाणा मळेवाल्याक देतंय. एकाच जागी ठेवला आणि उंदरांनी खाल्ल्यानी तर?"

मळ्याचं नाव इंग्रजीत होतं आणि त्याचा अर्थ माती असा होता, असं देवेशने सांगितलं होतं. दारात सुयोग नावाचा एक हसतमुख गृहस्थ उभा होता. कोऱ्या धोतरावर त्याने पायांत पांढरे बूट घातले होते. प्रत्येक पदार्थ समजावून सांगणं हे त्याचं काम. मांडवाखाली टेबलं होती, डोक्यावर द्राक्षांचे घड होते आणि जोडपी घडांखाली माना वाकड्या करून फोटो काढत होती.

पहिल्यांदा आली लहानशा मडक्यात नाचणीची आंबील. सुयोगने तिच्याबद्दल बरंच सांगितलं. तो गेल्यावर रत्नप्रभा हळूच म्हणाली, "आमका ताप इलो की आये हीच देई. तेव्हा कोण समजावून सांगी नाय. नाक दाबून ओती."

धाकू हसला. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण ती एवढी खुशीत होती की त्याने एक पदार्थ पुढे ढकलला. मग वाइन आली. रत्नप्रभाने वास घेऊन "खोकल्याचा औषध" म्हणून आपला ग्लास त्याच्याकडे सरकवला. त्याने दोन्ही प्यायले. धीर आला नाही, नुसती झोप आली.

तेवढ्यात तिने वर बघून त्याला कोपराने ढोसलं. "ही द्राक्षां दोऱ्यान बांधलेली आसत."

धाकूने बघितलं. प्रत्येक घडाला हिरव्या दोऱ्याची गाठ होती.

"गप रवा," ती सुयोगकडे बघत म्हणाली. "तेका वायट वाटात."

चौथा पदार्थ म्हणून कुयरीची भाजी आली, कोवळ्या फणसाची, पळसाच्या पानावर चमचाभर. एवढ्याशा भाजीकडे बघून रत्नप्रभाला आपला फणस आठवला. तिने सुयोगला बसवूनच घेतलं. "आमच्या परड्यात आहे ना फणस, टोपलीभर कुयऱ्या देतो. बावीच्या कडेला. यंदा जातोय आम्ही कायमचे. हे बघ बाळा, तवशाचं बियाणं. अर्धं तू घे, पावसात लाव."

सुयोग डब्याकडे बघत राहिला. मग इकडेतिकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाला, "आजी, तुम्हाला खरं सांगतो. इथे काही येत नाही. खारी जमीन. भाजी, द्राक्षं, सगळं सकाळी टेम्पोने येतं. तुमचं बियाणं फुकट जाईल इथे."

"बरं झालं सांगितलंस," रत्नप्रभा म्हणाली. तिने डबा बंद केला आणि धाकूकडे वळली. "मगे सगळा गावाकच न्हेवया."

एका परक्या माणसाने पहिल्या भेटीत खरं सांगितलं होतं. धाकूला आणखी पदार्थ पुढे ढकलता येईना. सुयोग उठून जाईपर्यंत तो थांबला.

"गावाक नको," तो म्हणाला.

"कित्याक?"

"परडा विकला."

तिने पानावरची भाजी बोटाने एकत्र केली. "कधी?"

"शिमग्याक. सगळ्यांनी सही केल्यानी. मियां पण केलंय."

"माका इचारलात नाय."

"थंय रेंज नव्हती गो."

"आणि मगे दोन महिने? घाटकोपरात पण रेंज नव्हती?"

धाकूने वर बघितलं. डोक्यावरचा एक घड दोऱ्यासकट वाऱ्याने हलत होता.

"फणस?" तिने विचारलं.

"फणस पण."

"आणि बाव?"

"बाव जमिनीवांगडाच जाता."

ती रडली नाही. उरलेले तीन पदार्थ तिने निमूटपणे खाल्ले, कारण पानात टाकायची सवय नव्हती. सुयोग प्रत्येक वेळी येऊन समजावत होता आणि ती मान हलवत होती. निघताना त्याला म्हणाली, "चांगलं होतं हो सगळं." धाकूला वाटलं, हिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या बोटीत माणसं कमी होती. खाडीवर अजून थोडा उजेड होता. अर्ध्या वाटेवर रत्नप्रभाने डबा उघडला. एक बी घेऊन पदराला राख पुसली, पुढच्या दातांनी फोडली, साल खाडीत थुंकली आणि आतला मगज खाल्ला. धाकू बघतच राहिला.

"अगो, बियाणा ता."

"खयच्या जमनीत लावूचा?" ती म्हणाली.

तिने दुसरी फोडली आणि ती त्याच्यापुढे धरली. तो घेईना. तिने हात तसाच ठेवला. शेवटी त्याने ती तोंडात टाकली. चव काहीच नव्हती, उदबत्तीचा थोडा वास होता. तिसरी तिने खाल्ली, चौथी त्याला दिली.

खिशात फोन वाजला. देवेश होता.

"काय बाबा, कसं होतं जेवण?"

"झकास."

"सांगितलंत ना आईला?"

"सांगलंय."

"मग? काय करतेय ती?"

रत्नप्रभा वाकून, डब्याच्या तळाशी बोटं घालून, राखेतून उरलेल्या बिया शोधत होती. सापडलेली फोडून तिने अर्धी त्याच्या तळहातावर ठेवली.

"जेवता हा," धाकू म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.