जावईबापूंचं हत्यार

सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या जावयाने अखेर हात टेकले. दुकानातली एकूण एक काच लावून झाली, पण नजरेतलं धुकं काही हटेना. डॉक्टरांनीही नकारार्थी मान हलवली.

सासरे शिंपी. दुकान मुलाकडे सोपवल्यापासून त्यांना एकच नाद, नदीकाठी आदिमानवाची दगडी हत्यारं शोधायची. घरचे 'गोटे' म्हणून थट्टा करत, ते त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. आता मात्र स्वतःच म्हणाले, "रविवारी शेवटची फेरी. गोटा कुठला नि हत्यार कुठलं हेच दिसत नाही, तर उगाच तंगडतोड कशाला?"

 जावयाने गुपचूप एक कठीण दगड आणला, गच्चीत बसून दुसऱ्या दगडाने ठोकला, अंगठा ठेचून घेतला आणि कशीबशी त्याला धार काढली. एकदा काही सापडलं की सासरे पुन्हा उभारी धरतील, असा त्याचा भाबडा हिशेब. रविवारी पुढे पळत जाऊन त्याने तो वाळूत अर्धा पुरला आणि सासऱ्यांना बरोबर तिथेच बसवलं.

दगड हाताला लागला. कापडाचा पोत बघावा तसा सासऱ्यांनी तो बोटांत फिरवला. जावई एक हात खिशात घालून उभा.

"ताजा आहे," सासरे म्हणाले. "हजारो वर्षं पडलेल्या दगडाची धार मऊ होते. ही बोट कापतेय. आणि करणारा अगदीच शिकाऊ. एकाच जागी चारदा ठोकलंय, तेव्हा कुठे टवका उडालाय." मग थांबून म्हणाले, "सकाळपासून हात खिशात का, ते आता कळलं, जावईबापू."

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं, बाबा. मला वाटलं, तुम्ही नाद सोडू नये..."

पुढच्या माणसाची फसगत नको म्हणून सासऱ्यांनी दगड पिशवीत टाकला. आणि मग आपल्याच बोटांकडे बघत बसले.

"अहो, मला तर हा नुसता काळा ठिपका दिसत होता," ते हळूच म्हणाले. "हे सगळं मी बघून नाही सांगितलं."

जावयाचेच डोळे भरून आले.

"उभे काय राहिलात? तुमचे डोळे धड आहेत ना? वेचा."

त्याने एक चपटा दगड त्यांच्या हातात ठेवला. बोटं फिरली.

"गोटा," सासरे खुशीत म्हणाले. "पुढचा द्या."